मशीनआधी बादलीभर पाणी: काँक्रीट रस्त्याच्या खडीची तपासणी

साइट लॅबमध्ये नवीन लागलेलं पोरगं पहिल्या दिवशी हमखास इम्पॅक्ट मशीनकडे वळतं. घण उचलायचा, सोडायचा, असे १५ ठोके, चाळायचं, चुऱ्याचा टक्का काढायचा. अर्ध्या तासात आकडा हातात. आपल्याकडच्या काळ्या दगडाचा आकडा चांगलाच येतो, रजिस्टरवर सही होते, आणि खडीचा विषय संपला असं सगळे धरून चालतात.

मीही धरलं होतं. सिव्हिलचा डिप्लोमा करून लॅबला लागले त्याला आता वीसेक वर्षं होऊन गेली. ते माझं जेमतेम दुसरं काम होतं, मराठवाड्यातलं. पीक्यूसीची, म्हणजे रस्त्याच्या वरच्या काँक्रीट स्लॅबची, खडी इम्पॅक्टला १३, लॉस एंजलिसला (ड्रममध्ये फिरवून झीज मोजतात ती तपासणी) १६. कन्सल्टंट खूश. दोन पावसाळे गेले आणि स्लॅबच्या पृष्ठभागावर नखाएवढे खळगे दिसायला लागले. गुडघ्यावर बसून एक खळगा किल्लीने उकरला, तर तळाला अर्धा फुटलेला दगड, त्यात पांढरे ठिपके आणि ओलसर हिरवट पीठ. असे खळगे एका स्लॅबवर तीस-पस्तीस. रस्ता कोसळला नव्हता, पण ज्याला उत्तर द्यायचं होतं त्याला घाम फुटलाच. नंतर कळलं की तपासणीचं पोतं आम्ही भरलंच नव्हतं. क्रशरवरून आलेल्या डंपरच्या ड्रायव्हरने ते केबिनच्या दारात आणून ठेवलं होतं. निवडून भरलेलं, धुतल्यासारखं स्वच्छ.

तेव्हापासून माझा क्रम उलटा आहे. आधी डोळे, मग पाणी, मग मशीन, आणि शेवटी ज्यांना आठवडे लागतात त्या तपासण्या. इथे तोच क्रम लिहिते. पद्धती आयएस २३८६ या भारतीय मानकातल्या, मर्यादा आयएस ३८३ च्या २०१६ सालच्या आवृत्तीतल्या. कामाच्या टेंडरमध्ये याहून कडक काही असेल तर ते पाळायचं.

आधी खाण बघा

महाराष्ट्राचा बराचसा भाग लाव्हाच्या थरांचा आहे, सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा. एकावर एक थर. थराच्या पोटातला दगड घट्ट, काळा, घणाने वाजवला तर टणटणणारा. थराच्या माथ्याला मात्र वायूचे बुडबुडे अडकून राहिलेले, आणि त्या पोकळ्यांत नंतर झिओलाइट, कॅल्साइट, गारेसारखी सिलिका, हिरवी माती असं काहीबाही भरलेलं. दोन थरांच्या मध्ये कुठेकुठे गेरूचा लाल पट्टा. विहीर खणणारा माणूस हे सगळं ओळखतो: मुरूम, मांजऱ्या, काळा पाषाण, गेरू. जळगाव, नाशिक, पुण्याकडच्या खाणींतल्या झिओलाइटच्या स्फटिकांना परदेशी संग्राहक चांगले पैसे मोजतात. त्यांना जे हवं, नेमकं तेच आपल्याला खडीत नको.

सुरुंग लावला की तो थर बघून फुटत नाही. एकाच ब्लास्टमध्ये खालचा पाषाण आणि वरचा ठिपक्यांचा दगड असा दोन्ही माल खाली येतो, क्रशर दोन्ही गिळतो. म्हणून खाणीत एकदा स्वतः जा. भिंतीसमोर उभं राहून पट्टे बघा, मोबाइलवर फोटो काढा, फोटोवर तारीख आणि बेंच, म्हणजे खाणीची कोणती पायरी, ते लिहा. खाण खोल गेली किंवा बाजूला सरकली की जुना रिपोर्ट जुन्या दगडाचा. दर पावसाळ्यानंतर मी नव्याने जाते. क्रशरवाले चहा पाजतात, तो घ्यावा. पोतं मात्र आपण भरावं.

नमुना

उत्तम जागा म्हणजे कन्व्हेयर. बेल्ट थांबवायला सांगा आणि एका जागेचा पूर्ण आडवा पट्टा उचला, तळाच्या कचासकट. बेल्ट थांबवायला कुरकुर होणारच, होऊ द्या. ढिगातूनच घ्यायचा असेल तर वरचा सुकलेला थर फावड्याने बाजूला सारा आणि माथा, कंबर, पायथा अशा जागांवरून घ्या. मोठे तुकडे घरंगळून पायथ्याशी जमतात, त्यामुळे नुसत्या पायथ्याची खडी नेहमीच जाड दिसते.

लॅबमध्ये आणून ताडपत्रीवर ओता, शंकू करा, चपटा करा, चार भाग पाडा, समोरासमोरचे दोन ठेवा, दोन टाका. पुन्हा तेच, हवं तेवढं वजन उरेपर्यंत. रिफल बॉक्स (नमुना सारखा दोन भागांत पाडणारा खाचांचा डबा) असेल तर काम लवकर होतं. ढिगातून घमेल्याने वरवर उचलून "हा घ्या नमुना" म्हणणाऱ्याला मी परत पाठवते.

ट्रेमधली निवड

ही तपासणी साइट लॅबच्या फॉरमॅटमध्ये सहसा नसते, आणि माझा सर्वात जास्त भरवसा हिच्यावरच. २० एमएमची पाचेक किलो खडी स्वच्छ धुवा, मोठ्या ट्रेमध्ये एकेरी पसरा आणि ट्रे उन्हात ठेवा. मग खुर्ची घेऊन शेजारी बसा. घट्ट दगड पाच-सात मिनिटांत राखाडी होतात. पाणी प्यायलेले तुकडे काळेच राहतात, बराच वेळ. आमच्या लॅबमधले मामा, शिक्षण चौथी, या ओल्या तुकड्यांना "तहानलेले" म्हणायचे आणि चिमट्याने एकेक वेचून काढायचे. माझं अर्धं शिक्षण त्या ट्रेवर झालं.

आता ढीग करा. घट्ट काळा एक. पांढरे किंवा हिरवे ठिपके असलेला दुसरा. लालसर, मऊ, नखाने माती सुटणारा तिसरा. ठिपक्यावर चाकूचं टोक ओढून बघा: सहज चर पडला तर झिओलाइट किंवा कॅल्साइट. विरळ हायड्रोक्लोरिक ॲसिडचा थेंब टाकला आणि फसफसलं तर कॅल्साइट, गप्प बसलं तर बहुधा झिओलाइट. चाकू घसरला आणि ठिपका काचेसारखा किंवा मेणासारखा चमकला तर ती सिलिका. तिची नोंद वेगळी ठेवा, पुढे कामाला येणार आहे. हिरवं आणि नखाने निघणारं म्हणजे चिकणमातीच्या जातीचं काही. हे सर्वात वाईट. ओलं झालं की फुगतं, सुकलं की आकसतं.

प्रत्येक ढिगाचं वजन लिहा. परवाच्या एका नमुन्यात ५००० ग्रॅमपैकी काळी ४३१०, ठिपक्यांची ५२०, लाल-मऊ १७० निघाली. म्हणजे ठिपके १०.४ टक्के, मऊ ३.४ टक्के. एवढं कळलं की पुढच्या आकड्यांकडे कोणत्या नजरेने बघायचं ते ठरतं. मोठ्या कामात खडीचे पातळ काप करून भूशास्त्राच्या माणसाकडून सूक्ष्मदर्शकाखाली तपासून घ्या. आयएस २३८६ चा आठवा भाग त्यासाठीच आहे. आपली ट्रे त्याची गरीब बहीण.

पाणी किती पितो

२ किलोच्या वर खडी धुऊन तारेच्या टोपलीत घाला आणि पाण्यात बुडवा. बुडवल्या बुडवल्या टोपली टाकीच्या तळापासून २५ मिमी उचलून सोडायची, सेकंदाला एकदा, अशी २५ वेळा. अडकलेली हवा निघून जाते. मग २४ तास तशीच.

दुसऱ्या दिवशीचा भाग हाताचा आहे आणि चुका इथेच होतात. खडी सुती कापडावर ओता, घोळवा, मग कोरड्या कापडावर घ्या आणि एकेक दगड पुसा. पंखा बंद. जुनं धोतर याला सर्वात चांगलं, टॉवेलचे धागे अडकतात. खिडकीकडे धरून बघत राहा: दगडावर पाण्याची चमक असते, ती एका क्षणी मालवते, पण रंग गडदच राहतो. तिथे थांबायचं. आणखी पुसत बसलात, उन्हात ठेवलंत, तर भोकांतलं पाणी उडालं आणि शोषण कमी दिसलं. घाईत अर्धवट पुसलंत तर उलटं. लगेच वजन करा, मग ओव्हनमध्ये १०० ते ११० अंशांवर २४ तास, थंड करून पुन्हा वजन.

पुसलेली २०३१.० ग्रॅम, सुकवलेली २००६.५, फरक २४.५. भागिले सुकवलेलं वजन, १.२२ टक्के. घट्ट काळ्या दगडाचं शोषण साधारण एकच्या आसपास किंवा खालीच मिळतं. हा एकत्र आकडा बरा वाटतो. आता ठिपक्यांचा ढीग वेगळा भिजवा. मला अशा ढिगांचं शोषण चारच्या वर गेलेलंही मिळालंय, आणि एकत्र सरासरीत ते कुठल्या कुठे बुडून गेलं होतं. रस्त्यावर सरासरी फुटत नाही, तो एक तुकडा फुटतो.

कोरडं इम्पॅक्ट, ओलं इम्पॅक्ट

१२.५ मिमीच्या चाळणीतून गेलेली आणि १० मिमीच्या चाळणीवर थांबलेली खडी, ७५ मिमी व्यासाच्या मापात तीन थरांत, प्रत्येक थराला सळईचे २५ टोचे. माप सपाट करून वजन घ्या, मशीनच्या कपात ओता. १३.५ ते १४ किलोचा घण, ३८० मिमी उंची, १५ ठोके. मशीन काँक्रीटच्या पायावर घट्ट बसवलेलं हवं. केबिनच्या प्लायवुडच्या जमिनीवर ठेवलेलं मशीन अर्धा धक्का जमिनीला देतं आणि तुम्हाला सुंदर आकडे दाखवतं. २.३६ च्या चाळणीतून खाली गेलेलं भागिले एकूण. ३४२ ग्रॅमपैकी ४६ गेले, १३.५ टक्के. रस्त्याच्या पृष्ठभागासाठी मर्यादा ३०. आपला काळा दगड, म्हणजे बेसॉल्ट, इथे नापास होतच नाही म्हटलं तरी चालेल.

म्हणून दुसरा नमुना तीन दिवस पाण्यात ठेवा, बाहेर काढून पृष्ठभाग पुसा आणि तेच १५ ठोके द्या. मऊ खडीसाठी आयएस ५६४० मध्ये ही ओली पद्धत दिलेली आहे. ठोक्यांनंतर २.३६ वर पाण्याने धुवायचं, सुकवायचं, मग वजन. कोरडं १३ आणि ओलं १५ आलं तर दगड पाण्याला भीत नाही. कोरडं १३ आणि ओलं २२ आलं तर दोन्ही आकडे ३० च्या आत आहेत हे खरं, पण मी खाणीला फोन लावते. हा फरक रिपोर्टमध्ये लिहायची सक्ती कुणी करत नाही. मी शेऱ्यात लिहिते.

लॉस एंजलिस आणि चपटेपणा

खडीच्या आकारानुसार ठरणारा बी ग्रेड: २० ते १२.५ मिमीची २५०० ग्रॅम, १२.५ ते १० ची २५०० ग्रॅम, ११ पोलादी गोळे, मिनिटाला २० ते ३३ च्या वेगाने ५०० फेरे, मग १.७० ची चाळणी. वर ४१९० उरले तर झीज १६.२ टक्के, मर्यादा ३०. गोळे वर्षानुवर्षं झिजतात आणि हलके होतात. अकरांचं मिळून वजन ४५८४ ग्रॅमच्या जवळ, २५ इकडेतिकडे, आहे का ते दर महिन्याला तोला. ऐकून ऐकून कळायला लागतं: घट्ट खडीचा खडखडाट शेवटपर्यंत कोरडा राहतो, मऊ माल असला की तीनशे फेऱ्यांनंतर आवाज गोणपाटात गुंडाळल्यासारखा होतो. ड्रम उघडताना तोंडावर रुमाल बांधा. तोंडावर येते ती दगडाची धूळच.

चपटे-लांबट तुकडे गेजवर मोजा, एका आकाराचे निदान २०० नग. चपटे आधी काढा, उरलेल्यांतून लांबट. दोन्ही मिळून ४० टक्क्यांच्या आत, बऱ्याच रस्ता कामांत ३५ मागतात. हे दगडापेक्षा क्रशरच्या जबड्यावर जास्त अवलंबून आहे, त्यामुळे इथे नापास झालात तर खाण बदलू नका, क्रशरच्या फोरमनशी बोला.

साउंडनेस: मिठाची परीक्षा

आता धीराचं काम. तयारीसकट दहा दिवस धरा. कल्पना साधी: खडी सोडियम सल्फेटच्या दाट द्रावणात भिजवायची, ओव्हनमध्ये सुकवायची. भोकांत मिठाचे स्फटिक तयार होतात, पुन्हा भिजवलं की वाढतात आणि दगडाला आतून रेटतात. थंड देशांत बर्फ जे करतो त्याची ही नक्कल. अमेरिकेत आयोवा-कॅन्ससकडे चुनखडीच्या खडीत पाणी गोठून स्लॅबच्या सांध्यांजवळ, त्यांना समांतर, बारीक भेगा पडतात (डी-क्रॅकिंग म्हणतात त्याला), आणि आयोवात तर दाबाखाली खडीत किती पाणी शिरतं ते मोजायचं खास यंत्र बनवलंय. आपल्याकडे बर्फ नाही. म्हणून ही तपासणी फालतू, असं एका साहेबांनी मला सुनावलं होतं. पण भोकं असलेला आणि आतून जोड सुटलेला दगड ती बरोबर पकडते, आणि तसा दगड आपल्या चार महिन्यांच्या पावसात आणि मेच्या उन्हातही टिकत नाही.

द्रावण दोन दिवस आधी करा. ढवळत राहा, थंड होऊ द्या, तळाला थोडे स्फटिक शिल्लक हवेत. घनता हायड्रोमीटरवर १.१५१ ते १.१७४. तापमान २७ अंश, एक अंश इकडेतिकडे. हे वाक्य वाचायला सोपं आहे. नाशिकजवळच्या एका कामावर डिसेंबरात रात्री वीज गेली, सकाळी बघते तर डब्यात खालपासून वरपर्यंत काचेसारखे सुळके आणि टोपल्या त्यात रुतलेल्या. पाच दिवसांचं काम गेलं. विदर्भात मे महिन्यात उलटी कथा, केबिन ४० वर. आता मी थर्मोकोलच्या मोठ्या पेटीत पाण्याचा टब ठेवते, त्यात द्रावणाचा डबा, थर्मोस्टॅट इन्व्हर्टरवर. उन्हाळ्यात त्याच टबात बर्फाच्या पिशव्या.

१० ते २० एमएमची १००० ग्रॅम, ४.७५ ते १० ची ३०० ग्रॅम, धुऊन सुकवून वेगवेगळ्या जाळीच्या टोपल्यांत. १६ ते १८ तास बुडवा, वर किमान १५ मिमी द्रावण राहू दे, झाकण ठेवा. काढा, पंधरा मिनिटं निथळू द्या, ओव्हनमध्ये १०५ ते ११० वर पूर्ण सुकवा, खोलीच्या तापमानाला येऊ द्या, मगच पुन्हा बुडवा. गरम खडी द्रावणात टाकली की २७ अंश गेलेच. अशी पाच आवर्तनं.

मग धुवायचं. आणि धुवायचं. धुतलेल्या पाण्यात बेरियम क्लोराइडचे दोन थेंब टाका: दुधाळ झालं तर मीठ अजून आहे, पुन्हा धुवा. पाणी पारदर्शक राहिलं की झालं. बेरियम क्लोराइड विषारी आहे, हातमोजे घाला, चहाचा कप त्या टेबलावर नको. सुकवून चाळा: मोठी खडी ८ एमएमवर, लहान ४ एमएमवर. गळालेलं वजन म्हणजे तोटा, प्रत्येक आकाराचा तोटा मूळ खडीतल्या त्याच्या वाट्याने धरून बेरीज करायची. सोडियम सल्फेटला मर्यादा १२ टक्के, मॅग्नेशियम सल्फेट वापरलंत तर १८.

टक्क्यावर थांबू नका. उरलेले तुकडे ट्रेमध्ये ओता आणि मोजा: किती चिरले, किती पापुद्रे सुटले, किती अख्खे. आधीच्या तीन ढिगांतले कोणते फुटले? मी पहिल्यापासून ठिपक्यांच्या तुकड्यांवर ऑइल पेंटचा ठिपका देऊन ठेवते, रंग बहुधा तग धरतो. तोटा ६ टक्के आणि फुटलेले सगळे रंगवलेले, असं निघालं की खाणीवाल्याला दाखवायला यापेक्षा चांगला पुरावा नाही.

कूलंटची बरणी

हिरव्या मातीचा संशय असेल तर आणखी एक. इथिलीन ग्लायकॉल, म्हणजे गाडीच्या कूलंटमधला मुख्य घटक. बेसॉल्टमध्ये फुगणारी माती असेल तर ग्लायकॉल तिच्या पापुद्र्यांत शिरून तिला पाण्यापेक्षा जास्त फुगवतं आणि दगड भेगाळतो. अमेरिकन लष्कराच्या अभियंत्यांच्या पद्धतीत १५ दिवस भिजवतात. मी काचेच्या बरणीत प्रत्येक ढिगाचे वीस-वीस तुकडे ठेवते आणि रोज सकाळी फोटो काढते. शुद्ध ग्लायकॉल आणा, पंपावरचं रंगीत तयार कूलंट नको. चव गोड असते आणि पोटात गेलं तर जीव जातो, म्हणून बरणीला कुलूप, आणि साइटवरच्या कुत्र्या-मांजरांपासून लांब.

ही बरणी टेंडरमध्ये मागितलेली मी अजून पाहिली नाही. पण तिसऱ्या दिवशी तुकडा पाकळीसारखा उमललेला बघितला की त्या ढिगाबद्दल वाद घालायची गरज उरत नाही.

अल्कली

सिलिकेचे जे चमकदार ठिपके वेगळे नोंदवले ते इथे कामाला येतात. काही जातींची सिलिका आणि ज्वालामुखी काच सिमेंटमधल्या अल्कलीशी हळूहळू अभिक्रिया करते, जेल बनतं, पाणी पिऊन फुगतं, आणि काही वर्षांनी स्लॅबवर नकाशासारख्या भेगा. याची तपासणी साइटवर होत नाही, बाहेर पाठवावी लागते. खडी दळून मॉर्टरच्या पट्ट्या करतात, त्या ८० अंशांच्या सोडियम हायड्रॉक्साइडमध्ये ठेवतात, आणि ओतल्यापासून १६ व्या दिवशी लांबी मोजतात. वाढ ०.१० टक्क्याच्या आत तर निर्धास्त, ०.२० च्या वर तर धोका, मधलं आलं तर पुढच्या तपासण्या.

पाठवताना बेंचचं नाव लिहा आणि मिसळलेला नमुना पाठवा. ठिपके वेचून काढलेला पाठवलात तर स्वतःलाच फसवलंत. कामात फ्लाय ॲश वापरणार असाल तर तिच्यासकट दुसरा संच करायला सांगा, कारण योग्य प्रमाणातली फ्लाय ॲश ही फुगवण खाली आणते आणि तेवढ्यावर खाण वाचू शकते.

निकाल कसा वाचायचा

इम्पॅक्ट आणि लॉस एंजलिस चांगले, शोषण एकच्या आसपास, ओलं-कोरडं जवळजवळ सारखं, साउंडनेस दोन-तीन टक्के: खडी डोळे मिटून घ्या. इम्पॅक्ट चांगलं पण शोषण दोनच्या पुढे आणि ओल्याला मोठी उडी: खाणीचा वरचा बेंच वेगळा काढायला सांगा, त्याचा माल डीएलसीखालच्या (स्लॅबखालच्या कमी सिमेंटच्या काँक्रीटखालच्या) थरांसाठी बघता येईल, पीक्यूसीत नको. मऊ-लाल तुकडे तीन टक्क्यांच्या वर: क्रशरला गेरूचा पट्टा आधी पोकलेनने साफ करायला लावा, मग नवा नमुना. हे दोन आणि तीन माझे स्वतःचे आकडे आहेत, कोडमधले नाहीत. तुमच्या खाणीवर दोन हंगाम काढलेत की तुमचे वेगळे ठरतील.

प्रत्येक तपासलेल्या नमुन्याचे दहा किलो बाजूला ठेवा, दोषदायित्वाची, म्हणजे ठेकेदाराने दोष दुरुस्त करून द्यायची, मुदत संपेपर्यंत. मराठवाड्यातल्या त्या स्लॅबमधली खडी नेमकी कोणत्या बेंचची होती, हे आम्हाला शेवटपर्यंत सांगता आलं नाही, कारण पोतं केव्हाच फेकून दिलं होतं. प्लास्टिकच्या पोत्यात दुहेरी बांधा. कागदाची चिठ्ठी उंदीर खातात आणि मार्करची शाई वर्षात उडते. पत्र्याच्या पट्टीवर खिळ्याने तारीख आणि बेंच कोरा, एक पट्टी आत टाका, एक बाहेर तारेने बांधा.